‘साहेब, पाणी मारू का?’ याचं उत्तर गेटवर लिहिलेलं पाहिजे

पत्र

नमस्कार काका, मी रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत छोट्या केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळतो. वय २९, बीएस्सी केमिस्ट्री. आमच्याकडे स्टॉकची रजिस्टरं दोन, पक्कं आणि कच्चं. पक्क्यात थायोनिल क्लोराईडचे २० ड्रम, प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास. जास्तीचे ड्रम शेजारच्या प्लॉटवर भाड्याच्या गाळ्यात, पत्र्याखाली. गेटवरच्या बोर्डावर २०१९ ची यादी आहे. जुलैत पावसात एक ड्रम गळला, पांढरा धूर झाला, कोणीतरी फोन केला म्हणून फायरचा बंब आला. शेठनी गेटवरच सांगितलं की स्टीमची लाईन फुटलीय. एक जवान तरी आत डोकावून आला आणि खोकतच बाहेर पडला. मी तिथेच उभा होतो, काही बोललो नाही. गाळ्याच्या भिंतीपलीकडे गाव आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे. सरपंच माझा मावसभाऊ. त्याने विचारलं की आत काय ठेवता रे, मी म्हटलं मला माहीत नाही. शेठ म्हणतात ही कंपनीची गुपितं आहेत, बाहेर गेली तर नोकरी जाईल आणि केसही करीन. पण याच शेठनी आईच्या ऑपरेशनला पैसे दिले होते. आता झोप लागत नाही. रजिस्टरचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू का? का निनावी पत्र पाठवू? का गप्प बसू?
– एक स्टोअरवाला

उत्तर

अरे, आधी मला हे सांग की त्या जवानाचं पुढे काय झालं?

तुझ्या पत्रात तो एका वाक्यात आत जातो आणि दुसऱ्या वाक्यात खोकत बाहेर येतो, नंतर त्याचा पत्ताच नाही. शेठ आहेत, नोकरी आहे, मावसभाऊ आहे, आईचं ऑपरेशन आहे, तो पोरगा मात्र गायब. कायदाबियदा आपण बघूच, पण सुरुवात त्याच्यापासून कर. थायोनिल क्लोराईडचा धूर छातीत गेला की त्रास कधीकधी लगेच दिसत नाही, काही तासांनी फुफ्फुसात पाणी व्हायला लागतं. तो त्या रात्री वाचला असेल तर नशीब. पण त्याला त्या दिवशी डॉक्टरने विचारलं असणार की काय हुंगलंस, आणि त्याने सांगितलं असणार ‘स्टीम’. स्टीमवर काय उपचार करणार डॉक्टर? त्याला भेट, एमआयडीसीचं फायर स्टेशन काही लांब नसणार, चहा पाज आणि खरं सांग की बाबा ती वाफ नव्हती, हे हे केमिकल होतं, एकदा छातीच्या डॉक्टरकडे जा, फुंकायची टेस्ट असते ती करून घे आणि डॉक्टरला केमिकलचं नाव सांग. याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि यात कुठलं गुपित फुटतं ते मला शेठनी समोर बसून समजवावं.

आता माझी गोष्ट ऐक, म्हणजे मी कुठून बोलतोय ते तुला कळेल. तीस एक वर्षं मी कंपन्यांत सेफ्टी बघितली, त्यातली सुरुवातीची वर्षं अक्कल कमी आणि सह्या जास्त. दरवर्षी केमिकलची यादी भरायची असायची आणि मी काय करायचो तर मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून तारीख बदलून उतरवून काढायचो. सगळेच करायचे. एका रात्री गोडाऊनला आग लागली. बंब आला, होज पसरले, आणि त्यांचा म्होरक्या, माझ्या बापाच्या वयाचा माणूस, हेल्मेट वर करून मला विचारतो, ‘साहेब, पाणी मारू का?’ एवढंच. हो किंवा नाही. मला माहीत नव्हतं रे. कोपऱ्यात केरोसीनमध्ये बुडवलेलं सोडियम (पाणी लागलं की पेटतं ते) होतं असं अंधुक आठवत होतं, पण ते अजून तिथेच आहे का वापरून संपलंय, किती आहे, काहीच नाही. यादी मॅनेजरच्या कपाटात, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर पनवेलला. मी म्हटलं थांबा, बघून सांगतो. आग काय थांबते होय. त्या म्होरक्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, काय समजायचं ते समजला आणि स्वतःच्या अकलेने पोरांना मागे खेचून वाळू आणि पावडरवर काम काढलं. कोणाला काही झालं नाही. त्यात माझा काडीचा वाटा नव्हता. पण तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि तुझं पत्र वाचताना सारखा तोच येत होता, कारण तुझ्या त्या गाळ्यापुढे हा प्रश्न कोणीतरी विचारणार आहे आणि तिथे चुकीचं उत्तर आहे ‘हो’.

तू बीएस्सी आहेस तर हिशोब तूच कर. थायोनिलला पाणी लागलं की हायड्रोजन क्लोराईड आणि सल्फर डायऑक्साईड सुटतात. एका किलोतून साधारण ६०० ग्रॅम पहिला आणि अर्ध्या किलोच्या वर दुसरा. ड्रम किती किलोचा ते तुला माहीत आहे, त्याला दीडशेने गुण आणि मग डोळ्यासमोर आण की पत्र्याची शेड पेटलीय आणि बिचारे जवान प्रामाणिकपणे चारी बाजूंनी पाणी ओततायत, कारण बोर्डावर हे नावच नाही, आणि जिथे वीस ड्रम लिहिलेत ती जागा तर भलतीच. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाणार. गाव गाळ्याच्या पूर्वेला असेल तर पावसाळ्यात आपल्याकडे वारा कुठून येतो ते मी कोकणातल्या माणसाला काय सांगू. ड्रम सर्वात जास्त गळणार तेही पावसातच.

शेठ म्हणतात गुपित. हा शब्द मी इतक्या केबिनमध्ये ऐकलाय की आता हसू येतं. गुपित असतं की, नाही कोण म्हणतो. कुठल्या टेंपरेचरला रिअॅक्शन चालवता, कॅटॅलिस्ट कुठला, यील्ड किती, माल कोणाला जातो, काय भावाने, हे कंपनीचं. ते तू कोणाला सांगायचं नाहीस, मावसभावालाही नाही. पण आवारात कुठलं धोक्याचं केमिकल आहे, किती आहे, कुठे आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, आग लागली तर काय मारायचं आणि काय मारायचं नाही, हे गुपित नसतंच. टँकर रस्त्याने येतो तेव्हा त्याच्या मागे भलामोठा पॅनेल असतो की नाही? त्यावर नाव, यूएन नंबर (केमिकल ओळखायचा जगभर एकच असलेला नंबर), हॅजकेम कोड (आग लागली, सांडलं तर काय करायचं त्याची खूण), फोन नंबर. थायोनिलचा नंबर १८३६. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेमकार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं त्याचा कागद. म्हणजे हायवेवर खालापूरच्या टपरीवाल्याला जे वाचता येतं ते तुमच्या गेटच्या आत शिरलं की गुपित होतं? कमाल आहे.

कायदा पण तेच म्हणतो, आणि हा कायदा कोणाच्या जिवावर आला ते शेठना आठवत असेल, वयाने माझ्याच आसपास असणार. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, भोपाळ. कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला. लोक हमीदिया हॉस्पिटलमध्ये लोंढ्याने येत होते आणि डॉक्टरांना माहीत नव्हतं की वायू कुठला आणि त्याला उतारा काय. लोक वाऱ्याच्या दिशेनेच पळाले, कारण कोणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की आडवं पळायचं असतं आणि तोंडावर ओलं फडकं धरायचं असतं. ओलं फडकं, बाकी काही नाही. तेवढी माहिती भिंतीपलीकडे गेली असती तर किती माणसं वाचली असती याचा हिशोब कोणी करू शकत नाही. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४१-ब हे कलम घातलं. त्यात असं आहे की धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने (कायद्यात त्याला भोगवटादार म्हणतात) धोक्याची सगळी माहिती कामगारांना, कारखाने निरीक्षकांच्या साहेबांना, स्थानिक स्वराज्य संस्थेला आणि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना स्वतःहून द्यायची. स्वतःहून, बरं का. सरपंचाने विचारायचीही गरज नाही. आणि हे मोडलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा त्या कायद्यात होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झालीय, कलमांचे नंबर बदलले, इन्स्पेक्टरचं बारसं होऊन तो ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाला (हे नाव एका दमात म्हणून दाखव), पण मालकाने माहिती उघड करायची ही जबाबदारी नव्या संहितेतही जशीच्या तशी आहे.

शिवाय १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम आहेत. त्यात ठराविक साठ्याच्या वर गेलात की अपघाताचा आराखडा, दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, आणि आसपासच्या लोकांना आधीच कळवायचं की धोका काय आहे आणि काय करायचं, काय नाही करायचं. इथे एक गंमत सांगतो, तुझ्या शेठनाही माहीत असेल. क्लोरीनची मर्यादा १० टन. एक टनर, म्हणजे क्लोरीनचा मोठा सिलिंडर, साधारण ९०० किलोचा. मी अशा कंपन्या बघितल्यात जिथे कागदावर कायम अकरा टनर असतात. अकरा नव्वे नव्व्याण्णव, ९.९ टन, बसला मर्यादेच्या खाली. बारावा टनर शेजारच्या भाच्याच्या कंपनीत उभा. वायूला कुठे माहीत असतं की भाच्याचा प्लॉट वेगळा आहे. तुमचा तो भाड्याचा गाळा म्हणजे याच जातीचा प्रकार दिसतो मला. तर शेठ म्हणतील की आम्ही त्या मोठ्या कारखान्यांच्या यादीतच नाही. नसू द्यात. साठा मर्यादेखाली असला तरी धोक्याची माहिती द्यायची जबाबदारी सुटत नाही, ती प्रक्रियेवर आहे, टनांवर नाही.

आता व्हॉट्सअॅप. टाकू नकोस. तुला वाटेल काका पण घाबरले. तसं नाही. रजिस्टरचा फोटो ग्रुपवर पडला की पहिल्या दहा मिनिटांत ‘आपल्या गावात भोपाळ होणार’ असा मेसेज तयार होतो, अर्ध्या तासात तालुक्यात फिरतो, संध्याकाळी गेटवर दगड, दुसऱ्या दिवशी शेठ रातोरात ड्रम टेंपोत भरून अजून कुठल्यातरी गावाच्या अजून कुठल्यातरी पत्र्याखाली नेऊन ठेवणार, घाईघाईत, पावसाळी ताडपत्री टाकून. आणि त्या सगळ्या गोंधळात एकाही आईला हे कळलेलं नसणार की धूर आला तर शाळेतल्या पोरांना बाहेर पळवायचं का आत बसवायचं. तुझं अक्षर तर ओळखतीलच.

मग करायचं काय. आधी मोजणी कर. खरी. ड्रम किती, कुठल्या रांगेत, किती गंजलेले, झाकणं बरोबर आहेत का, पत्रा कुठे गळतोय. मग एमएसडीएस काढ, म्हणजे त्या केमिकलचं सुरक्षेचं माहितीपत्रक, त्याचे सोळा विभाग असतात, सगळे नको, चौथा प्रथमोपचाराचा, पाचवा आगीचा, सहावा सांडल्यावर काय करायचं त्याचा आणि दहावा कशाशी रिअॅक्ट होतं त्याचा, हे चार नीट वाच. आणि मॅनेजरच्या नावाने एक साधी नोट लिही, मराठीतच लिही, वकिली भाषा नको, की अमुक तारखेला मोजले तेव्हा इतके ड्रम इथे आहेत, गेटवरच्या बोर्डावर नाहीत, पाण्याशी हे असं वागतं, जुलैत एकदा गळालेलं आहे, बोर्ड आणि यादी दुरुस्त करावी आणि गाळ्यातला माल सुरक्षित जागी हलवावा. खाली सही, तारीख. आवक शिक्का मारून कॉपी घे. शिक्का देत नसतील तर ईमेल कर. या कागदात तू कोणावर आरोप करत नाहीयेस, स्टोअरवाला म्हणून आपलं काम करतोयस. आणि हे तुझ्यासाठी पण आहे, ते लक्षात घे. पक्क्या रजिस्टरवर वीस ड्रम असं लिहून खाली सही कोणाची आहे? तुझीच ना? उद्या काही झालं तर शेठ म्हणणार मला काय माहीत, स्टोअर तो बघायचा. आईच्या ऑपरेशनचे पैसे दिले तेव्हा ते नक्कीच चांगले वागले, ते मी कमी लेखत नाही, उपकाराची जाण ठेवावीच माणसाने. पण त्यांनी पैसे दिले म्हणून तू त्यांच्यासाठी खोटी सही द्यायची असं काही ठरलेलं नव्हतं.

आणि त्यांच्याशी बोल. एकटा, शांतपणे, शनिवारी माल गेल्यावर वगैरे. शेठ लोकांना नीतीपेक्षा हिशोब लवकर कळतो, हा माझा अनुभव आहे, राग मानू नयेत त्यांनी. त्यांना विचार की फायर पॉलिसीत तो गाळा आहे का? नसणारच. पॉलिसीत नसलेल्या जागेतला, रजिस्टरला नसलेला माल जळला तर इन्शुरन्सवाला हात वर करून मोकळा. आणि बाहेरच्या माणसाला काही झालं तर? १९८५ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम (अतितीव्र सल्फ्युरिक अॅसिड) गळलं होतं, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये सांगून टाकलं की धोकादायक धंदा करणाऱ्याने नुकसान भरून द्यायचंच, आम्ही काळजी घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, असली कुठलीही सबब चालणार नाही. म्हणजे लपवून त्यांचं वाचत काहीच नाही, वाढतं मात्र बरंच. उलट बोर्ड बरोबर असेल आणि बंबवाल्यांना जागा माहीत असेल तर एका ड्रमवर निभावेल, दीडशेवर जाणार नाही. ही भाषा त्यांना कळेल असं वाटतं.

नाहीच कळली तर? तर सरळ औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, आपण ज्याला डिश म्हणतो, तिकडे जा. कामगाराला धोका वाटला तर त्याने मालकाला सांगायचं आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरलाही कळवायचं, हा हक्क आहे तुझा, उपकार नाही कोणाचा. आणि तक्रार कोणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं असतं, जुन्या कायद्यातही होतं, नव्यातही आहे. इतकंच काय, जुन्या कायद्यात तर असंही होतं की तपासणीला आल्यावर ‘तक्रार आलीय म्हणून आलोय’ हेही मालकाला सांगायचं नाही. त्यामुळे निनावी पत्राचा विचार सोड. निनावी पत्राला कोणी उत्तर देत नाही, नाव लिहिलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करता येतो. आता तू विचारशील की नोकरी जाणार नाही ना. जाऊ शकते रे. छोट्या कंपनीत नोट लिहिणारा माणूस कोण हे ओळखायला शेरलॉक लागत नाही. मी तुला खोटा धीर देणार नाही. आतापासूनच दुसरीकडे बायोडेटा पाठवायला लाग, स्टोअर आणि केमिस्ट्री दोन्ही येणारा माणूस पाताळगंगा ते तळोजा कुठेही लागतो.

फायर स्टेशनचं मात्र डिशची वाट बघत थांबवू नकोस. जवानाला भेटायला जाशील तेव्हाच स्टेशन ऑफिसरला विचार की आमच्याकडे बघायला कधी येता. त्यांना हे हवंच असतं, दिवसा उजेडी येऊन गल्ल्या, हायड्रंट, गेटची रुंदी बघून ठेवायला. आणि गेटवर, म्हणजे वॉचमनच्या खोलीच्या बाहेर, एसी केबिनमध्ये नाही, एक लाल पेटी लाव. आत एकच कागद, प्लास्टिकमध्ये. एका बाजूला प्लॉटचा नकाशा, हाताने काढलेला चालेल, गाळ्यासकट. दुसऱ्या बाजूला काय, किती, कुठे, यूएन नंबर, आणि थायोनिलपुढे मोठ्या अक्षरात ‘ड्रमवर किंवा सांडलेल्यावर पाणी नको, कोरडी वाळू, ड्राय पावडर’. पाणी फवारायचंच असेल तर लांबून, धूर दाबायला आणि न फुटलेले ड्रम थंड ठेवायला, आत पाणी जाणार नाही असं, आणि बीए सेट (पाठीवर हवेची बाटली असलेला मास्क) घातल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. रात्री कोणाला उठवायचं ते दोन नंबर. दर सोमवारी आकडा बदल. पाच मिनिटांचं काम आहे.

तुला वाटेल एका कागदाने काय होतं. १७ एप्रिल २०१३, अमेरिकेतलं टेक्सासमधलं वेस्ट नावाचं छोटं गाव, खताच्या गोडाऊनला आग लागली, गावातलेच स्वयंसेवक फायरवाले धावले, वीसेक मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ माणसं गेली, त्यातली १२ आग विझवायला, मदतीला गेलेली. अमोनियम नायट्रेटची नोंद सरकारी फॉर्मवर होती, पण हे असं फुटू शकतं, लांब राहा, हे त्या पोरांपर्यंत पोचलेलं नव्हतं. कपाटात पडलेला कागद कोणाच्या उपयोगाचा. दोन वर्षांनी चीनच्या तिआनजिन बंदरात १६५ मेले, ८ सापडलेच नाहीत, निम्म्याहून जास्त अग्निशमनवाले, आणि तिथे तर नेमकं काय किती ठेवलंय याची धड यादीही लगेच मिळत नव्हती. आणि एवढं लांब कशाला, जुलै २०१० मध्ये आपल्या शिवडीला हाजी बंदरात वर्षानुवर्षं बेवारस पडलेले क्लोरीनचे सिलिंडर गळले, शंभरावर लोक हॉस्पिटलात, त्यात मदतीला गेलेले जवानही. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो ना, तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचा दिवस. जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकत्र, कापसाची आग विझवताना ६६ जवान गेले. तुमच्या एमआयडीसीतही त्या दिवशी हार घालून फोटो काढत असतील, शेठही असतील बहुतेक फोटोत.

आता मावसभाऊ. त्याला तू खोटं बोललास, ते आधी मिटव. ड्रमचे आकडे त्याला द्यायची गरज नाही, तो सरपंच आहे, त्याच्याकडे तुझ्यापेक्षा मोठी हत्यारं आहेत, फक्त कुठे मारायची ते त्याला सांग. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र, की तुमच्या आवारातल्या धोकादायक रसायनांची आणि आम्ही काय काळजी घ्यायची त्याची माहिती द्या. कॉपी डिशला आणि कलेक्टरला. १९९६ च्या रासायनिक अपघातांच्या नियमांत जिल्ह्याला आणि स्थानिक पातळीवर क्रायसिस ग्रुप असतो, स्थानिक ग्रुपचा अध्यक्ष प्रांत, त्यात फायर, पोलीस, बीडीओ, सरकारी डॉक्टर असे सगळे असतात आणि महिन्याला बैठक घ्यायची असते. होते का नियमाने, हा प्रश्न त्यानेच विचारावा, माहिती अधिकारात मागच्या वर्षभराची इतिवृत्तं मागितली की आपोआप व्हायला लागते. जिवाचा प्रश्न असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं, हे अर्जावर ठळक लिहायला सांग. ग्रामसभेचा ठराव घेतला तर अजून बरं, ठरावाला सरकारी ऑफिसात वजन असतं, निदान फाईल उघडते तरी.

आणि शाळेचं मात्र लगेच, ठरावबिराव नंतर. मास्तरांना बसवून दोन गोष्टी सांगा. झोंबणारा धूर आला तर पोरांना मैदानात जमा करायचं नाही, भूकंपाच्या ड्रिलमध्ये करतात तसं. आत घ्यायचं, वारा येतो त्या बाजूच्या खिडक्या आधी लावायच्या, पंखे बंद, दाराखाली ओली गोधडी, तोंडावर ओला रुमाल, वरचा मजला असेल तर वर. बाहेर अडकलेल्याने धुरापुढे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं जायचं. वारा बघायला कंपनीवर विंडसॉक असेल तर ठीक, नाहीतर शाळेच्या झेंड्याच्या खांबाला एक रंगीत कापड बांधा. सायरनचं पण विचारा, तुमचा सायरन शिफ्टला रोज वाजत असणार, त्यामुळे खरा वाजला तरी गावात कोणी कूस बदलणार नाही. धोक्याचा वेगळा ठरवून द्या म्हणावं आणि एकदा वाजवून दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला एमएसडीएसचा तो चौथा विभाग नेऊन द्या. ही पानं कोणालाही मिळतात, त्यात कंपनीचं नाव लिहायचीही गरज नाही.

तुझी झोप कधी परत येईल ते मला सांगता येणार नाही. मी त्या रात्रीनंतर पहिली यादी स्वतः गोडाऊनमध्ये फिरून, टॉर्च घेऊन लिहिली होती, चार दिवस लागले, आणि त्यात मागच्या फॉर्ममधली नऊ नावं आवारातच नव्हती आणि अकरा नवीन निघाली. तुझी पण अशीच काहीतरी निघेल, घाबरू नकोस. जवानाला भेटून आलास की मला लिही, टेस्टमध्ये काय आलं ते पण लिही. आणि गेटवरचा तो २०१९ चा बोर्ड ऑईल पेंटचा असेल तर पुसायला थिनर लागेल, तो पण स्टोअरमधून नोंद करूनच काढ, पक्क्या रजिस्टरला.